रूट मार्चची सॅक

सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणातला शेवटचा, चोवीस किलोमीटरचा रूट मार्च संपला आणि सिंगापूरच्या त्या मैदानावर नुसता कल्ला झाला! पोरांनी टोप्या उडवल्या, आया रडायला लागल्या, आणि रिदवानला मात्र कधी एकदा घरी पळतोय असं झालं होतं. सार्जंट निघताना ओरडला होता, "पाठीवर पूर्ण ओझं असेल तरच त्याला रूट मार्च म्हणायचं, नाहीतर ती बागेतली सैर!" आणि या पठ्ठ्याने तपासणी झाल्या झाल्या सगळं सामान लॉकरमध्ये सारून सॅकमध्ये फुगवलेली उशी कोंबली होती.

तेवढ्यात आईबाप पोचलेच. बाप शेजारच्या अनोळखी बाईला सांगायला लागला, "हा आमचा! वीस किलो घेऊन चाललाय, वीस!"

"अबाह, पुरे ना," रिदवान पुटपुटला.

"दमलास रे राजा, आण ती सॅक," आई म्हणाली.

"माक, नको, राहू दे!"

पण तिने दोन्ही हातांनी जोर लावून ती उचललीसुद्धा, आणि सॅक अशी भसकन वर आली की तीच मागे झोकांडली. तिने एकदाच पोराकडे पाहिलं. त्याला मान वर करवेना.

"दे इकडे, मी घेतो," बापाने हात पुढे केला.

"तुम्ही हात लावू नका! परवाच कंबर धरली होती ना? या अल्ला, केवढं जड आहे हे!"

आणि बसस्टॉपपर्यंत अख्खा रस्ता ती धापा टाकत, कमरेत वाकून चालली.