दीड तासाचं विमान

नागपूर विमानतळावरच्या खुर्चीत बसून हेमंतला सात तास झाले होते. मांडीवर ताईची साडी होती. बोर्डावर पुण्याच्या विमानापुढं पाचव्यांदा नवी वेळ आली होती.

"बसनं ये," ताई आठवडाभर सांगत होती. यानंच ऐट मारली होती, "सातशे किलोमीटर हाडं कोण खिळखिळी करून घेते? विमान दीड तासात नेऊन सोडते." काल बस धरली असती तर सकाळीच भाऊबीज झाली असती. भावाला ओवाळल्याशिवाय ताई घास घेत नाही, आणि तिला शुगर आहे.

फोन वाजला. "काऊन रे, तुझं दीड तासाचं विमान अजून निघूनच राहिलं का?"

"ताई, जेवून घे न तू. व्हिडिओ कॉल लावतो, ओवाळ मला."

"फोनला कोण ओवाळते? थांब, गच्चीवर जाते. चंद्रालाच ओवाळते आज."

तो एकदम म्हणाला, "चंद्राला तर भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात."

"म्हणूनच म्हणते, तू पण त्याच्यासमोर उभा राहा. डोक्यावर रुमाल घे. मग जेवते मी."

तो काचेजवळ गेला. धावपट्टीच्या पलीकडं बारीकशी कोर दिसत होती. डोक्यावर रुमाल टाकून तो तिच्याकडं तोंड करून सरळ उभा राहिला.

शेजारच्या खुर्चीतले काका मघापासून सगळं ऐकत होते. "कोणत्या बाजूला दिसून राहिला?" त्यांनी विचारलं, आणि खिशात रुमाल शोधायला लागले.