कंबरदुखीचं शिबिर

डोळखांबच्या वर, आमच्या पाड्यावर रस्ता अजून पोचला नाही, पण कंबरदुखीचं शिबिर पोचलं. साठ वर्षं मोळ्या वाहणाऱ्या राहीआजीला शहरातले तरुण साहेब शिकवत होते, "आजी, कंबर म्हणजे तरफेचा टेकू. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका कमरेवर ताण. तुम्हाला वजन उचलताच येत नाही!"

परतताना उतारावर साहेबांचा पाय मुरगळला. गाडी खाली दोन मैलांवर, आणि बापये सगळे मुरबाडला कामावर. शेवटी राहीआजीनेच त्यांना पाठुंगळी घेतलं. साहेब लाजून मागे झुकून बसले.



चार पावलं टाकून आजी थांबली. "जरा चिकटून बस रे साहेब. ओझं अंगापासून लांब नाय ठेवायचं."