कुकरमधली चाकं

तिसरी शिट्टी झाली आणि सयाजीने गॅस बंद केला. कुकरमध्ये ना भात होता, ना डाळ. धाकट्या भावाच्या रिमोटच्या गाडीची चार चाकं होती.

“वाफ जाऊ द्या आधी,” त्याची बायको अरुणा म्हणाली. “मला त्यातच भात लावायचाय.”

पण सयाजीला कुठला दम! तो गॅलरीत जाऊन खालचा रस्ता बघून आला आणि आल्या आल्या त्याने चमच्याने शिट्टी उचलून धरली. फस्स करून वाफ सुटली आणि सगळ्या घराला रबराचा वास लागला.

नऊ वाजता खालच्या वाण्याच्या फोनवर धाकट्या भावाचा, धनाजीचा निरोप आला होता. दुबईचं विमान उतरलं, टॅक्सी करून येतो, साडेअकरापर्यंत कोपरखैरण्यात पोचतो. आता दहा वाजून गेले होते.

दोन वर्षांपूर्वी जाताना धनाजी ही गाडी थर्माकोलच्या खोक्यासकट दादाच्या हातात देऊन गेला होता. “सांभाळ,” एवढंच म्हणाला होता. सयाजीने ती सांभाळली, पण फक्त चार दिवस. मग रबाळ्याच्या कंपनीला सुट्टी असायची त्या प्रत्येक रविवारी त्याने ती मागच्या रिकाम्या प्लॉटवर अशी काही पळवली, की टायरवरची नक्षी पार झिजून गेली. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण रिमोट हातात आला की हाक मारलेली ऐकू यायची नाही. खेळायचं वय कुठे संपतं हे कुणी ठरवलंय?

आता मात्र चोराच्या मनात चांदणं. क्रॉफर्ड मार्केट पालथं घालून त्याने नवे टायर आणले होते, पण नुसते टायर. रिम जुन्याच वापरायच्या. आणि जुने टायर त्या रिमना कारखान्यातच असे चिकटवलेले, की चाकू लावला तर रिमवरच ओरखडा. कंपनीतलं थिनर लावून पाहिलं, तर प्लास्टिकच चिकट व्हायला लागलं. पातेल्यात उकळले, तेव्हा जेमतेम कडा सुटल्या.

“तूरडाळ शिजत नाही तेव्हा काय करतेस? शिट्ट्या वाढवतेस ना?” सयाजीने सकाळी विचारलं होतं. अरुणाने कपाळावर हात मारला, पण घरातला एकुलता एक कुकर दिला. दिरापुढे नवऱ्याची मान खाली जावी, हे तिलाही नको होतं.

फडक्यात धरून पिळल्यावर पहिला टायर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून आला. सयाजी खुलला. दुसरा निघाला, तिसराही निघाला. चौथा मात्र हटून बसला. खाली हॉर्न वाजला, तसा तो पुन्हा गॅलरीत पळाला. दूधवाल्याचा टेम्पो होता.

“अजून दोन शिट्ट्या काढू?”

“रिम वितळंल. ओढा आता. मी धरते.”

तिने रिम धरली, त्याने टायर ओढला. दोघांचीही बोटं भाजली. टायर सुटला तेव्हा सयाजी मागच्या मागे डब्यांवर जाऊन आदळला. त्याही अवस्थेत तो हसला, आणि घड्याळ बघून लगेच गप्प झाला.

नवे टायर बसवून, फेविक्विकचा थेंब थेंब सोडून त्याने चारही चाकं दाबून धरली. तोवर अरुणाने कुकर चिंचेने घासला, लिंबाने घासला, झाकणाची रिंग नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. दुसरी रिंग होती कुठे? तिने तांदूळ लावले. चाकं लावून सयाजीने गाडी शोकेसमध्ये ठेवली आणि झिजलेले टायर पिठाच्या डब्यामागे दडवले.

धनाजी आला. पाया पडला, पाणी प्याला आणि सरळ शोकेसकडे गेला. गाडी उचलून त्याने उलटी केली. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस तसेच उभे होते. त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

“दादा, एकदाबी चालवली नाहीस?”

“तुझी वस्तू. हात कोण लावतंय?” सयाजी छाती पुढे काढून म्हणाला.

धनाजीचा चेहरा उतरला. “मी तिकडं रूमवर सगळ्यांना सांगायचो. आज रविवार, माझा दादा आत्ता गाडी पळवत असंल. लहानपणी काडेपेट्यांच्या गाड्या करून तूच मला द्यायचास. म्हटलं, एक खरी तरी तुझ्या हातात जाऊ दे.” त्याने गाडी हळूच जागेवर ठेवली. “राहू दे.”

सयाजीने शोकेसची काच उगीच सारून लावली. खरं सांगायचं, तर आत्ताचं खोटं आधी कबूल करावं लागणार होतं. धाकट्या भावापुढे ते काही जमेना.

पानं वाढली. धनाजीने वरणभात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि थांबला.

“वहिनी, भाताला वास कसला येतोय? रबराचा?”

“तुमच्या दादालाच विचारा, भावजी,” अरुणा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिकडे वळली.

सयाजी तसाच उष्ट्या हाताने उठला. पिठाच्या डब्यामागून त्याने चारही टायर काढले आणि भावाच्या ताटाशेजारी ठेवले. त्याचे कान लाल झाले होते.

धनाजीने डाव्या हाताने एक टायर उचलला. त्यावरून अंगठा फिरवला. कुठेच काही लागलं नाही, पार गुळगुळीत. तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला, “अजून भात वाढा.”