निळा ठिपका

अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, नारिंगी करणारा फवारा मारला, तरी काचपट्टीवर डाग उमटला नाही. म्हणजे नरक्या या झाडाच्या पानांत औषध नाहीच. औषध हवं असेल तर झाडच तोडायचं. मी चिडून पट्टी कचऱ्यात टाकली.

माझा डबा घेऊन आलेली आई प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसली होती. तिच्या डोक्यावर आता बोटभर केस आले होते. तिचं कॅन्सरचं इंजेक्शन नरक्याच्या लाकडातल्या कॅम्पटोथेसिनपासून बनतं, हे मी सांगितलं, तेव्हा सलाईन चालू असतानाच तिने विचारलं होतं, "माझ्यापायी किती झाडं तोडली गं?" तेव्हापासून मी पानांच्या मागे लागले होते.

"ते औषध बाकीच्यांसारखं वागत नसेल," आता ती म्हणाली. "तू तरी कुठे वागतेस?"

मला हसू आलं आणि चूकही ध्यानात आली. कॅम्पटोथेसिन नावालाच अल्कलॉइड. त्यातला नायट्रोजन इतका दुबळा, की नेहमीच्या फवाऱ्याला दादच देत नाही. फवारा न मारलेली दुसरी पट्टी मी अतिनील दिव्याखाली धरली. पानांच्या अर्कात लख्ख निळा ठिपका चमकला, शेजारच्या शुद्ध नमुन्याच्या अगदी बरोबरीने.

"झाड नाही तोडायचं?"

"पानांतही आहे, आई. पानं खुडून घ्यायची."

ती उठली. खिडकीतल्या नरक्याच्या रोपावरून तिने दोन्ही हात फिरवले आणि मी परीक्षेला निघताना माझ्यावरून मोडायची, तशी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.