फोटो लहान कसा करायचा

देऊळघाटला एकट्या राहणाऱ्या कौशल्याबाई गच्चीवर निवडुंग लावत आणि दर रविवारी त्यांचा फोटो निवडुंगप्रेमींच्या ऑनलाइन मंचावर टाकायला जात. फोटो इतका मोठा असे, की तो चढतच नसे. मग मंच सांभाळणारा पुण्याचा ऋत्विक फोन करून समजावत बसे.

“मावशी, आधी एडिट दाबा. मग साइज कमी करा.”

“थांब बापू, चष्मा लावू दे मले. तोवर सांग, आज भाजी कायची केली?”

असं चार महिने चाललं. परवा ऋत्विकचा मोठ्या खुशीत फोन आला.

“मावशी, आता कितीही मोठा फोटो टाका, मंचावर तो आपोआप लहान होईल. मला विचारायचं कामच उरलं नाही.”

“हाव का? बरं झालं बापू. माह्यापायी तुले लय तरास झाला.”

फोन ठेवून त्या बराच वेळ मोबाइलमधले फोटो बघत बसल्या. चार महिन्यांतला एकेक फोटो तिथं नीट लहान करून ठेवलेला होता. ते तर त्या पहिल्याच रविवारी शिकल्या होत्या.