चार विटा

दवाखान्यातलं तपासणीचं टेबल छातीइतकं उंच होतं. चाकाच्या खुर्चीतल्या ताईंना दरवेळी दोघीतिघी मिळून पोत्यासारखं वर चढवत. बुटकं टेबल मिळावं म्हणून ताईंनी साहेबांचा उंबरठा झिजवला, भांडखोर म्हणून नाव कमावलं, तेव्हा कुठे ते आलं. आज त्या तपासून घ्यायला गेल्या, तर टेबल पुन्हा उंचच! चारही पायांखाली विटा. “हे कुणाचं डोकं?” ताई कडाडल्या. “माझंच,” सिस्टर ओशाळून म्हणाली. “दिवसभर वाकून वाकून कंबरडं मोडलं हो, ताई.” तिने ॲप्रन बाजूला केला. आत कंबरेला पट्टा होता, घामाने काळवंडलेला. ताईंच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! त्यांनी थकून डोळे मिटले. “खालीवर होणारं टेबल मिळतं म्हणे,” त्या म्हणाल्या. “उद्या माझ्याबरोबर साहेबांकडे चल. आणि पट्टा ॲप्रनवरून बांध.”