पाचवी सही

"पान नंबर?" मनिषानं विचारलं.

शेषेराव गडबडला. सप्ताह समितीचा अध्यक्ष तो. तीन जणांना घेऊन वाचनालयात आला होता टेबलावर हात आपटायला, पान नंबर सांगायला नव्हे.

"पान कशाला पाह्यजे? सगळं पुस्तकच धर्म बुडवाया निघालंय. बाप्या-बाप्याचा संसार दाखवून राहिले लेकरायला!"

"हरकतीच्या अर्जात तसा रकाना आहे. पुस्तकाचं नाव, पान नंबर, मजकूर. खाली पाच सभासदांच्या सह्या. वाचलंय ना तुम्ही?"

वाचलंय कशाला! कुणीतरी कुणालातरी मोबाइलवर पाठवलं, ते याला आलं, यानं पुढं पन्नास जणांना ढकललं, झालं धर्मरक्षण. वाचायला वेळ लागतो आणि अक्कल लागते. वेळ तेवढा या मंडळींकडं बक्कळ होता.

'ढगातली शाळा'चे सहा भाग मनिषानं दोन वर्षं अर्ज करकरून मिळवले होते. बारा पोरंपोरी नंबर लावून बसली होती. आता हा अर्ज पुरा झाला की सहाच्या सहा भागांवर 'रद्द'चा शिक्का बसणार आणि पुस्तकं रद्दीत जाणार. शिक्का मारायचा मनिषानंच. वाचनालयाच्या अध्यक्षांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "बाई, पाच सह्या भरल्या की वाद घालत बसू नका."

तिनं पहिला भाग शेषेरावापुढं ठेवला. "शोधा."

शेषेरावानं चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. उभ्या जन्मात पोथीशिवाय काही वाचलेलं नाही, त्यामुळं ढगातल्या शाळेची घंटासुद्धा पोथीच्या चालीवर वाजायला लागली. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांबलचक हेल. उजव्या बाजूला बसलेल्या राजशेखरनं तर सवयीनं हातच जोडले. मनिषानं हसू दाबायला रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

पाचांत थोरले सिद्रामप्पा. रोज पेपर वाचायला येणारे. सभासद आहेत म्हणून त्यांना सह्यांचा आकडा भरायला बाकावरून उठवून इकडं बसवलं होतं. मन लावून ऐकत होते ते तेवढे एकटेच.

चाळीस पानं झाली. चहा झाला. एकाला डुलकी लागली. मग ती जागा आली आणि शेषेराव त्याच हेलात तिच्यावरून पुढं गेलासुद्धा.

"दादा, थांबा!" राजशेखर ओरडला. "गेलं की मागं! तेच हाय ते!"

शेषेराव मागं आला. "शाळेचे आचारीकाका आणि माळीकाका यांनी लग्न केलं, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. दोघांचा एकमेकांवर फार जीव. भांडायचे ते फक्त मिठावरून."

"एवढंच?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"एवढंच कसं, अप्पा? आपल्यात असलं कधी होतं का? बाहेरची थेरं हायेत ही!"

पान त्रेचाळीस. रकाना भरला. चार सह्या पटापट पडल्या. डुलकीतून उठलेल्यानं तर कशावर सही करतोय हेही विचारलं नाही. मनिषानं ड्रॉवर उघडून शिक्का बाहेर काढला. हा शिक्का पुस्तकावर मारण्यापेक्षा शेषेरावाच्या कपाळावर मारावा असं तिला फार वाटलं.

पेन सिद्रामप्पांकडं आलं. ते नुसतंच हातात धरून बसले.

"शेषेराव, आपल्या गावात मलप्पा अन् केरबा होते."

"होते की. त्याचं काय आता?"

"मळ्यातल्या घरात तीस वरसं दोघंच राहिले. लग्नाची पत्रिका त्या घरात एकच जायची, दोघायच्या नावाची. लई भांडायचे, अन् एक जेवल्याबिगर दुसरा जेवायचा न्हाई." अप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "केरबा मेला, तवा कडू घास कुणाला भरवला रे?"

शेषेराव उगाच पुस्तकाची पानं चाळायला लागला.

"ज्याचं माणूस जातं, त्याला कडू घास भरवतेत. केरबाचे सख्खे दोन भाऊ अंगणात हुबे होते. त्यायला सोडून तुझ्या बापानं पहिला घास मलप्पाला भरवला. गावात एकानं 'का' म्हणून इचारलं न्हाई. अन् बापामागं पिठलं-भाकरीचं टोपलं डोक्यावर घिऊन कोणचं पोरगं आलतं, सांग की ह्यायला."

राजशेखर शेषेरावाच्या तोंडाकडं बघायला लागला. बाकीचे दोघंही.

"ते येगळं, अप्पा," शेषेराव पुटपुटला. "ती आपली माणसं होती."

"हाव, आपलीच," सिद्रामप्पा म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन अर्जावर ठेवून दिलं. मग शेषेरावापुढचं पुस्तक ओढून मनिषाकडं सरकवलं.

"बाई, आता तुम्ही वाचा. नीट, बोलल्यावानी. पुढं मिठाचं काय झालं?"